न दिसणारी घागर

नाटक कोठे घडते, असा प्रश्न कोणास विचारला, तर तो चटकन रंगमंचाकडे बोट दाखवील. तेथे पडदा असतो, दिवे असतात, रंग लावलेले नट असतात. तेव्हा नाटक तेथेच घडत असले पाहिजे, असे वाटणे साहजिक आहे. पण हे उत्तर अर्धेच खरे आहे. नाटकाचा निम्मा भाग, आणि कित्येकदा निम्म्याहूनही अधिक, समोर मांडी घालून बसलेल्या माणसांच्या मनात घडत असतो. नट फक्त खूण करतो. त्या खुणेवरून राजवाडा बांधावयाचा, नदीला पूर आणावयाचा, भर दुपारी अंधार पाडावयाचा, ही कामे प्रेक्षकाने करावयाची असतात. पदरचे पैसे देऊन तिकीट काढावयाचे आणि वर एवढी मेहनतही करावयाची, हा व्यवहार वरवर पाहता तोट्याचा दिसतो. परंतु नाटकाचा सारा आनंद ह्याच तोट्यात साठलेला आहे.

समजा, बीड जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात शाळेच्या ओट्यावर मुलांचे नाटक चालले आहे. ओट्यावर ना विहीर आहे, ना पोहरा, ना दोर. एक मुलगी येते, काखेतली घागर खाली ठेवल्यासारखे करते, वाकून आत डोकावते आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने दोर ओढू लागते. पहिले दोन-तीन हात सैल जातात. मग दोर एकाएकी जड होतो, तिचे पाय जमिनीत रोवले जातात, खांदे मागे जातात. तेवढ्यात समोर बसलेल्या शंभर मुलांना विहीर दिसते. पोहरा वर येतो, घागरीत रिता होतो; हिंदकळून अंगावर आलेले पाणी ती झटकते. सारे कसे झकास चालले आहे. पुढे ती मैत्रिणीशी बोलू लागते आणि बोलण्याच्या नादात, जेथे घागर ठेवली होती तेथूनच सरळ चालत जाते. लगेच पुढच्या रांगेतला एखादा पोर ओरडतो, “अगं, घागर लवंडली!” आणि सगळी सभा खदखदून हसते.

हे हसणे मोठे विचार करण्याजोगे आहे. जी घागर कधी नव्हतीच, ती लवंडली कशी? आणि ती लवंडल्याचे शंभर जणांना एकाच क्षणी कळले कसे? उत्तर एकच संभवते. घागर होती. ती ओट्यावर नव्हती, पण प्रेक्षकांच्या मनात ती जागच्या जागी ठेवलेली होती, भरलेली होती आणि तिच्यावर त्यांची नजरही होती. नटी विसरली; प्रेक्षक विसरले नाहीत. नाटक पाहणारा माणूस नुसता पाहत नसतो. तो वस्तू मांडत असतो आणि मांडलेल्या वस्तूंची राखण करीत असतो, ह्याचा याहून चांगला पुरावा शोधूनही सापडणार नाही.

येथे आणखी एक गंमत आहे. शंभर मुलांनी विहीर पाहिली खरी, परंतु ती एकच विहीर नव्हती. प्रत्येकाने आपापल्या गावची, आपापल्या रानातली विहीर तेथे आणून ठेवली. एकाची दगडी पायऱ्यांची होती, एकाची नुसती खणलेली, कडेला बाभूळ असलेली. बीड हा कमी पावसाचा प्रदेश. १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी तेथील आजी-आजोबांच्या तोंडी अजून आहेत आणि उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसणे ही त्या मुलांना ऐकीव गोष्ट नाही. म्हणून बीडच्या मुलांची विहीर खोल असते. तिच्यातून पाणी काढताना दोर बराच वेळ ओढावा लागतो. कोकणात घरामागच्या आगरात भरलेली विहीर पाहत वाढलेल्या मुलापुढे हेच दृश्य केले, तर चार हातांत पोहरा वर आला तरी त्यास काही वावगे वाटणार नाही. बीडच्या प्रेक्षकांपुढे मात्र दोर इतक्या लवकर संपला, की त्यांना ते खोटे वाटेल. प्रेक्षकाची कल्पना ही अशी हवेतून येत नाही. ती त्याच्या पायांखालच्या मातीतून येते. ज्याने जे पाहिले, सोसले, हाताळले, त्याच सामानातून तो रंगमंचावरील जग उभारतो.

रंगभूमीच्या शास्त्राने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखलेली आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नाटक करण्याच्या दोन रीती सांगितल्या आहेत. लोकांत जसे घडते तसे दाखविणे, ही लोकधर्मी. आणि खुणांनी, हस्तमुद्रांनी, ठरलेल्या संकेतांनी दाखविणे, ही नाट्यधर्मी. त्याच ग्रंथात रंगमंचाच्या जागेची कल्पनेने वाटणी कशी करावी, हेही सांगितले आहे. पात्र रंगमंचावर थोडे फिरले की स्थळ बदलले असे समजावयाचे. पडदा ओढावयास नको की झाड उचलून न्यावयास नको. चार पावले टाकली, की आश्रम मागे राहिला आणि नगर आले.

कालिदासाचे ‘अभिज्ञानशाकुंतल’ ह्याच रीतीवर विसंबून लिहिलेले आहे. प्रस्तावना संपताच दुष्यंत राजा रथात बसून हरिणाचा पाठलाग करीत येतो. कालिदासाच्या काळी रंगमंचावर खरोखरीचे घोडे कोणी आणीत नसे आणि हरिणाचा तर प्रश्नच नव्हता. नट रथाचा वेग अभिनयाने दाखवी. वाणीने हरिणाचे वर्णन करी. बाकीचे प्रेक्षकांनी पाहावयाचे. पुढे शकुंतला आपल्या सख्यांसह रोपट्यांना पाणी घालते आणि एक भुंगा तिच्या तोंडाभोवती फिरून तिला भंडावून सोडतो. तो भुंगाही नटीच्या भ्यालेल्या डोळ्यांतून आणि हातवाऱ्यांतूनच जन्मास येतो. दुष्यंताच्या बाणापुढे धावणाऱ्या त्या हरिणाला कालिदासाने कृष्णसार म्हटले आहे; कृष्णसार म्हणजे काळवीट. आष्टी-पाटोद्याकडील माळरानांवर काळविटांचे कळप ज्या मुलाने धावताना पाहिले आहेत, मागे वळून बघत त्याने घेतलेली लांब उडी ज्याच्या डोळ्यांत आहे, त्याच्यापुढे हा प्रवेश झाला, तर उज्जयिनीच्या राजसभेतील रसिकाहून तो कमी पाहील असे मानण्याचे कारण नाही. त्याला शब्द थोडे कमी कळतील. हरीण पुरेपूर कळेल. संस्कृत पंडितांनी चांगल्या प्रेक्षकास ‘सहृदय’ असे नाव दिले, ‘विद्वान’ असे दिले नाही, ही त्यांची समजूत वाखाणण्यासारखी आहे.

हे झाले ग्रंथांतील नाटक. पण ज्यांनी नाट्यशास्त्राचे नावही कधी ऐकले नाही, अशा लोककलावंतांनी तीच विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे योगेश्वरी देवीचे ठाणे. आद्य कवी म्हणून ज्यांचे नाव घेतात त्या मुकुंदराजांची समाधी ह्याच गावी आहे आणि दासोपंतांचेही हेच गाव. देवीच्या उपासनेचा एक भाग म्हणजे गोंधळ. घरात लग्नकार्य पार पडले, की अनेक घराण्यांत कुलदेवतेच्या नावाने गोंधळ घालण्याची रीत आहे. अंगणात वा ओसरीवर पाटावर धान्याचा चौक मांडलेला, वर कलश, उभे केलेले उसाचे किंवा जोंधळ्याचे ताटे, शेजारी पेटलेली दिवटी. एवढे झाले नेपथ्य! मग अंगात झगा आणि गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेले गोंधळी संबळ आणि तुणतुणे घेऊन उभे राहतात. आरंभी ते गावोगावच्या देवतांना हाका घालतात. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, अंबाजोगाईची योगेश्वरी. एकेकीचे नाव घेऊन तिला गोंधळास बोलावतात. संबळाचा ठेका वाढतो, दिवटीची ज्योत हेलकावते आणि बसलेल्या मंडळींना त्या सगळ्या जणी खरोखरीच अंगणात येऊन बसल्यासारख्या वाटतात. चार कोसांवरून पाहुणे आले तर घर भरून जाते. येथे तर साऱ्या मुलखातल्या देवी एका चौकाभोवती मावतात.

त्यानंतर आख्यान लागते, आणि नाट्यकलेच्या दृष्टीने खरी मौज तेथेच आहे. मुख्य गोंधळी कथा सांगतो. सांगता सांगता तोच राजा होतो, तोच राणी होतो, तोच घोड्याचा लगाम खेचतो. वेष बदलत नाही. आवाज बदलतो, मान बदलते, उभे राहण्याची ढब बदलते. त्याचा साथीदार त्याला मध्येच अडवतो, वेडगळ प्रश्न विचारतो, हुंकार देतो, चुकीचे ऐकल्याचे सोंग घेऊन लोकांना हसवतो. हा साथीदार म्हणजे कथेतला एक चतुर दुवा आहे. तो अर्धा कलावंत आणि अर्धा प्रेक्षक. लोकांच्या मनात जी शंका यावी ती तो बोलून दाखवतो आणि लोकांनी जे पाहावे ते तो आधी पाहतो. मुख्य गोंधळी म्हणाला, “राजा शिकारीला निघाला”, की साथीदार कपाळावर हात आडवा धरून दूर बघतो. तो बघतो म्हणून सारे बघतात. ओसरीची भिंत तेथेच असते. पण ती कोणासही दिसत नाही.

भारुडात हेच होते आणि तमाशातही हेच होते. गोदावरीच्या काठी, पैठण येथे, एकनाथांनी सोळाव्या शतकात जी भारुडे रचली, त्यांत जोशी, भुत्या, वासुदेव अशी रोज दारात येणारी माणसे आहेत. डोक्याला एक फडके गुंडाळले, की समोरचा टाळकरी जोशी झाला. तेच फडके कमरेला बांधले, की दुसरे कोणी. तमाशातल्या गवळणींच्या डोक्यावर दुधाची मडकी असतातच असे नाही. त्या नुसता हात उंच करून, कंबर सावरून चालतात. फडावर एक फेरी पुरी केली, की गोकुळ संपले आणि मथुरेची वाट लागली. मावशीचे काम करणारा पुरुष असतो, हे लहान मुलासही ठाऊक असते, तरीही मावशीच्या तक्रारी ऐकून हसताना त्या मिशीची कोणी आठवण ठेवत नाही. नागर रंगभूमीवरही असेच घडले. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या, त्या तरुणपणी आणि उतारवयातही. आणि त्यांच्या साडी नेसण्याच्या, दागिने घालण्याच्या तऱ्हा पाहून त्या काळच्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया त्यांचे अनुकरण करीत. पुरुषाकडे पाहून स्त्रियांनी नेसणे शिकावे, ही कल्पनेची कमाल नव्हे काय?

मराठी नाटकाची सुरुवात विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे केलेल्या ‘सीतास्वयंवर’ ह्या खेळाने झाली, असे मानले जाते. त्या धर्तीच्या नाटकांत आरंभी सरस्वती मोरावर बसून येत असे. हा मोर नटाच्या कमरेस बांधलेला. चालत ते नटाचेच पाय. पाटोदा तालुक्यातील नायगावला मोरांचे अभयारण्य आहे. तेथील मुलांनी तो लाकडी मोर पाहिला असता, तर पिसाऱ्यातल्या चार चुका त्यांनी नक्कीच काढल्या असत्या. पण पाय दिसतात म्हणून त्यांनी तो मोर नाकारला नसता.

अलीकडच्या काळातील एक उदाहरण ह्या सर्वांहून नवलाचे आहे, आणि ते मराठवाड्याचेच आहे. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील नाट्यशास्त्राचे प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे नाटक लिहिले आणि ते स्वतःच रंगमंचावर आणले. स्वतःच म्हणजे अक्षरशः एकट्यानेच. मराठवाड्यातील एका खेड्यातले वऱ्हाड विमानाने लंडनला लग्नास जाते, एवढीच त्याची हकीकत. पण त्या हकीकतीत म्हातारी माणसे आहेत, रुसणारे पाहुणे आहेत, गडबड करणाऱ्या बाया आहेत, रडणारी पोरे आहेत. अशी ५२ पात्रे एकच माणूस उभी करी. विमान नाही, मांडव नाही, लंडन तर नाहीच नाही. आणि तरीही प्रेक्षकगृह वऱ्हाडाने गच्च भरून जाई. ह्या प्रयोगाची नोंद गिनेस बुकात झाली. देशपांडे २००९ साली निवर्तले. पुढे हा प्रयोग संदीप पाठक यांनी हाती घेतला. ते बीड जिल्ह्यातील माजलगावचे.

एक माणूस ५२ माणसे कशी होतो? तो होत नाही. त्यास तसे होणे शक्यही नाही. तो एका म्हाताऱ्याची फक्त मान हलवतो, एका काकूचा फक्त सूर लावतो. उरलेला म्हातारा प्रेक्षक आपल्या गावाहून आणतात आणि उरलेली काकू त्यांच्याच भावकीतली असते. नटाने दिली चिमूटभर खूण. प्रेक्षकांनी दिला माणूस. आणि असे ५२ वेळा घडत असेल, तर टाळ्या कोणी कोणासाठी वाजवावयाच्या, हाही एक प्रश्नच आहे. ह्या नाटकात मराठवाड्याची बोली आहे, म्हणून ते तिकडे आवडते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. लग्नात रुसणारा पाहुणा पुण्यातही असतो आणि लंडनमधील मराठी घरांतही असतो.

जगाच्या दुसऱ्या टोकासही हाच अनुभव आढळतो. लंडन येथे १५९९ साली बांधलेल्या ‘ग्लोब’ नाट्यगृहात शेक्सपिअरची नाटके दुपारच्या उजेडात होत. वर आभाळ मोकळे. दिव्यांचा खेळ करावयास वावच नव्हता. रात्र दाखवावयाची असली, की नट हातात मशाल घेऊन येई. वास्तविक मशालीने उजेड पडावयास हवा. येथे तिच्यामुळे अंधार पडे! ‘पाचवा हेन्री’ ह्या नाटकाच्या आरंभी सूत्रधारच प्रेक्षकांची क्षमा मागतो, की फ्रान्सची रणभूमी ह्या लाकडी घेरात मावणारी नाही, तेव्हा कृपा करून ती तुम्हीच कल्पावी. जपानच्या ‘नो’ ह्या प्राचीन नाट्यप्रकारात तर मागील फळ्यांवर रंगविलेल्या एका पाइनच्या झाडाखेरीज दुसरे दृश्य नसते. नटाच्या हातातील पंखा प्रसंगी प्याला होतो, प्रसंगी तलवार होते. कोणाची कोणाशी गाठ नसता अंबाजोगाईच्या गोंधळ्याने, लंडनच्या नटाने आणि जपानच्या कलावंताने एकच युक्ती शोधावी, ह्याचा अर्थ ती युक्ती माणसाच्या मनातच आहे.

ह्यावर कोणी असा आक्षेप घेईल, की मग रंगविलेले पडदे, भरजरी पोषाख, दिव्यांची रोषणाई हे सारे व्यर्थच म्हणावयाचे काय? तसे म्हणता येणार नाही. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांनी चित्रपटांकडे वळण्यापूर्वी नाटक मंडळ्यांसाठी जे पडदे रंगविले, त्यांची कीर्ती मोठी होती. चांगला रंगविलेला पडदा हीदेखील एक खूणच असते. कापड हलले, तरी प्रेक्षक त्यावरील राजवाडा डळमळला असे समजत नाहीत. आक्षेप पडद्यावर नाही. आक्षेप आहे तो, पडद्यावाचून नाटकच होत नाही ह्या समजुतीवर. चित्रपटाची गोष्टही अशीच. तेथे खरी विहीर, खरा पाऊस, खरे घोडे दाखविता येतात आणि ते पाहण्यात सुख असते. परंतु ती विहीर चित्रपट काढणाऱ्याने निवडलेली असते. आष्टीच्या मुलाने आणि अलिबागच्या मुलाने ती एकच पाहावयाची असते. ओट्यावरच्या नाटकात ज्याची त्याची विहीर ज्याला त्याला मिळते; हा लाभ कितीही खर्च केला तरी पडद्यावर मिळणारा नाही.

मात्र प्रेक्षक सगळे काही कल्पून घेतात, तेव्हा नटाने कसेही उभे राहिले तरी चालेल, असा सोयीस्कर अर्थ कोणी काढू नये. उलट, वस्तू नसली म्हणजे नटाची जबाबदारी दुप्पट होते. खरी घागर उचलताना तिचा भार आपोआप हातावर येतो. नसलेली घागर उचलावयाची, तर तिचे वजन आधी मनाने तोलावे लागते; रिकामी किती, भरलेली किती, डोक्यावर चढविताना गुडघे कसे वाकतात, हे सारे लक्षपूर्वक पाहून ठेवावे लागते. खोटी खूण मिळाली, की प्रेक्षकाची कल्पना तेथेच अडखळते. ती फार आज्ञाधारक आहे, पण आंधळी नाही. शेतकऱ्याच्या मुलांपुढे चुकीच्या हाताने तिफण धरून दाखवावी. मग ती किती आंधळी नाही, हे तत्काळ कळून येईल.

आता ह्या विचाराचा शाळांशी काय संबंध, ते पाहिले पाहिजे; कारण खरा प्रश्न तेथेच आहे. हिवाळा आला, की गावोगाव शाळांची स्नेहसंमेलने होतात. पुष्कळ ठिकाणी असे दिसते, की आधी विचार होतो तो मांडवाचा, ध्वनिक्षेपकाचा, भाड्याने आणावयाच्या पोषाखांचा. मुलांकडून वर्गणी मागितली जाते. मग ध्वनिमुद्रित गाणे लावतात आणि मुले त्याच्या तालावर हातपाय हलवितात. गाणे दुसऱ्याचे, शब्द दुसऱ्याचे, हावभाव चित्रपटातून घेतलेले आणि पोषाख भाड्याचा. मुलांचे स्वतःचे म्हणून त्यात थोडेच उरते. ज्याच्या घरी पोषाखाचे भाडे द्यावयास पैसे नसतात, तो मुलगा “मला नाही आवडत” असे म्हणून बाजूस होतो. त्यास ते आवडत असते, हे त्याचे शिक्षकही जाणतात. कल्पनेवर चालणाऱ्या नाटकात ही अडचण उद्‌भवतच नाही. तेथे राजाचा मुकुट हाताची दहा बोटे डोक्याशी धरून होतो आणि तो सगळ्यांना सारख्याच किमतीत मिळतो.

बीड जिल्ह्याच्या बाबतीत ह्याहून मोठी एक गोष्ट आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास तेथील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुले गावी आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत राहतात. परंतु कित्येक मुलांना आईबापांबरोबर जावे लागते. म्हणजे स्नेहसंमेलनाच्या दिवसांत वर्गातील काही जागा रिकाम्या असतात. ज्या मुलांनी कडाक्याच्या थंडीत उसाच्या फडात पहाट पाहिली, बैलगाडीवर लादलेल्या मोळ्यांवर बसून रात्रीच्या रस्त्याने साखर कारखाना गाठला, वजनाच्या रांगेत गाडीखाली झोप काढली, पाचटाच्या कोपीत अभ्यासाची पाटी पुसली, तीच मुले नेमकी त्या वेळी नसतात. त्यांच्याजवळ जे पाहिलेले आहे ते कोणत्याही पडद्यावर रंगविता येणारे नाही, आणि शाळेचा रंगमंच त्यांच्यावाचून सजविला जातो.

तेव्हा जेथे अशी मुले आहेत, तेथील शाळांनी आपले नाटक हिवाळ्यावर न ठेवता पावसाळा सरता सरता, दसऱ्याच्या आधी करावे, हे अधिक न्यायाचे होईल. मांडवाची आवश्यकता नाही. शाळेचा ओटा किंवा पारासमोरची मोकळी जागा पुरे. पाऊस नसला तर दुपारीही चालेल. रात्र दाखवावयाची झाल्यास एका मुलाने कंदील उंच धरावा. विषय शोधावयास दूर जावे लागणार नाही. उसाची भरलेली गाडी गावातून निघते, वाटेत चढ लागतो, एक चाक खड्ड्यात रुतते आणि मागून येणाऱ्या गाड्या थांबतात, एवढ्यावर अर्ध्या तासाचे नाटक सहज उभे राहील. गाडी नको, ऊस नको, रस्ताही नको. चढ कोठे लागतो आणि चाक रुतले असता खांदा कोठे लावावा लागतो, हे सांगणारी मुले वर्गातच बसलेली आहेत. पाहणाऱ्यांतही त्या रस्त्याने गेलेले आईबाप असतील आणि गाडी चढाला लागताच त्यांचे हात नकळत सावरून घेतील.

जोंधळ्याच्या चिपाडांची गाडी करून तिला चिपाडांचेच बैल जुंपणाऱ्या मुलांना हे शिकवावे लागेल असेही नाही. बैल कोणी व्हावयाचे, एवढ्यावरून काय तो वर्गात वाद होईल.